नवगावला कोण, केव्हा आले? बेने इस्रायलींच्या उगमाच्या प्रश्नाचा आढावा

अलिबाग आणि किहीम यांच्या मधे, थळच्या शेजारी, नवगाव नावाचे छोटे गाव आहे. या किनाऱ्याविषयी बेने इस्रायली समाजात पिढ्यान्पिढ्या एक हकिकत सांगितली जाते. एक गलबत खडकांवर आपटून फुटले. त्यातले सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला आणलेली बाकीच्यांची प्रेते गावातच पुरण्यात आली, पुरुषांची एका उंचवट्याखाली आणि स्त्रियांची दुसऱ्या. त्या चौदा जणांचे वंशज म्हणजे बेने इस्रायली. हे कोकणात मुरलेले, मराठी बोलणारे ज्यू. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावे ते लावतात.

ही मंडळी मूळची कुठली आणि ती कोकणात केव्हा आली, या प्रश्नावर जवळजवळ दोनशे वर्षे लिहिले जात आहे. मिशनरी, सरकारी अधिकारी, समाजातले विद्वान, समाजशास्त्रज्ञ आणि गेल्या पंचवीस वर्षांत जनुकशास्त्रज्ञ अशा सर्वांनी त्यावर आपापले उत्तर दिले आहे. मराठीत मात्र ही चर्चा बहुधा ‘दोन हजार वर्षांपूर्वी आलेले ज्यू’ या एका वाक्यावर संपते. त्या वाक्यामागे किती वेगवेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या आहेत ते उलगडून पाहणे आणि आज कोणती बाजू कितपत भक्कम आहे याचा अंदाज घेणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्राचीन इब्रींच्या इतिहासाची चौकट

आधी थोडी पार्श्वभूमी हवी. ‘इस्राएल’ नावाच्या लोकांचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना उल्लेख इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात, म्हणजे इ. स. पू. १२०८ च्या सुमारास सापडतो. इजिप्तमधून मोशेच्या नेतृत्वाखाली झालेले निर्गमन बायबलमध्ये विस्ताराने वर्णिले आहे. उत्खननातून मात्र कनान देशाच्या डोंगराळ भागात त्याच काळाच्या आसपास वाढलेली लहान लहान खेडी दिसतात. आरंभीचे इस्राएली लोक बऱ्याच अंशी तिथल्याच समाजातून पुढे आले असावेत, असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. समाजाने जपलेली कथा आणि बाहेरचा पुरावा यांचा मेळ कसा घालायचा हा पेच इब्रींच्या इतिहासात पहिल्या पानापासून आहे. नवगावला तोच पेच पुन्हा समोर येतो.

पुढच्या काही तारखा आपल्या विषयाला थेट लागू आहेत. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य बुडवले आणि तिथल्या लोकांना दूर नेऊन वसवले. हरवलेल्या दहा वंशांची कल्पना इथूनच निघाली. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनने यरुशलेमचे मंदिर पाडले. इराणच्या कुरूश राजाने इ. स. पू. ५३८ मध्ये परतण्याची मुभा दिली आणि मंदिर पुन्हा उभे राहिले. इ. स. पू. १७५ मध्ये अँटायोकस चौथा हा ग्रीक राजा गादीवर आला. त्याने ज्यू धर्माचरणावर घाला घातला, त्याविरुद्ध बंड झाले आणि इ. स. पू. १६४ मध्ये मंदिराचे शुद्धीकरण झाले. हनुक्का हा सण त्याच घटनेची आठवण आहे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही उद्ध्वस्त केले. बेने इस्रायलींच्या उगमाविषयीची जुनी मते पाहिली, तर त्यांतली बहुतेक या तारखांपैकी एखादीला जाऊन टेकतात.

परंपरा, आणि तिच्यावर बसवलेली तारीख

समाजाच्या परंपरेत तीन गोष्टी ठाम आहेत: गलबत फुटणे, सात जोडपी वाचणे आणि नवगावचे दफन. जवळच्या खंडाळे गावी एलिया हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, रथातून स्वर्गात गेला आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या, अशीही श्रद्धा आहे. त्या ठिकाणी आजही मलिदा केला जातो. पोहे, खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून, एलियाची आळवणी करून देवाचे आभार मानण्याचा हा विधी जगातल्या इतर ज्यूंमध्ये या रूपात नाही.

परंपरेत ठाम तारीख मात्र नव्हती. अनेक लेखांमधून ही गोष्ट निसटून जाते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले. बेने इस्रायलींशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणही छापले. त्यांनी समाजाकडून ऐकून जे टिपून ठेवले त्यानुसार पूर्वज उत्तरेकडच्या एका देशातून सुमारे १६०० वर्षांपूर्वी आले आणि गलबत चौलजवळ फुटले. हा काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचा होतो.

आज सर्वत्र सांगितली जाणारी इ. स. पू. १७५ ही तारीख हाईम सॅम्युएल केहिमकर यांची आहे. केहिमकर (१८३०–१९०८) हे समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. मुंबईत १८७५ मध्ये इस्रायली मुलांसाठी शाळा काढणाऱ्यांत ते अग्रणी होते. त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला इंग्रजी इतिहासग्रंथ तेल अवीवला छापून निघाला तो १९३७ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास तीन दशकांनी. त्यांचा युक्तिवाद असा: बेने इस्रायलींना हनुक्का ठाऊक नव्हता, म्हणजे त्यांच्या पूर्वजांनी इ. स. पू. १६४ पूर्वीच मायदेश सोडला असला पाहिजे. अँटायोकसचा छळ हे देश सोडण्याचे सबळ कारण ठरते. आणि कोकणात त्यांचा धंदा तेल गाळण्याचा होता, तोच गालीलमध्येही चालत असे, म्हणून ते गालीलचे.

केहिमकरांचे काम मोठे आहे. त्यांनी समाजाचे सण, रीतिरिवाज, आडनावे आणि आठवणी टिपल्या नसत्या तर आज चर्चेला साहित्यच उरले नसते. पण त्यांची तारीख आणि समाजाची आठवण या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. तारीख हे एका अभ्यासकाचे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणूनच ते तपासले पाहिजे. ज्या समाजाच्या मुखी हिब्रू भाषेतली एक शेमा प्रार्थना तेवढी उरली होती, त्याला एखाद्या सणाचा विसर पडणे अशक्य नव्हते. तेल गाळणे हा तर नारळ-तिळाच्या मुलखात कुणालाही सुचेल असा व्यवसाय. शिवाय भूमध्य समुद्राच्या बाजूच्या खलाशांना मोसमी वाऱ्यांवर थेट भारत गाठण्याचा मार्ग अवगत झाला तो इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी अरब आणि भारतीय गलबते ये-जा करीत होती, म्हणून केहिमकरांचे म्हणणे अशक्य ठरत नाही. पण ते सिद्ध झाले असेही म्हणता येत नाही.

दहा वंशांचे मत

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांना या समाजाविषयी विलक्षण कुतूहल होते. हे लोक स्वतःला ‘यहुदी’ न म्हणता ‘बेने इस्राएल’ म्हणत. त्यांच्यात रुबेन हे नाव फार आवडीचे, यहुदा हे जवळजवळ नव्हतेच. एलिया, ज्याच्यावर त्यांची एवढी भक्ती, तो उत्तरेकडच्या राज्याचाच संदेष्टा. या सगळ्यावरून हे हरवलेल्या दहा वंशांपैकी असावेत असा तर्क विल्सन आणि इतरांनी केला. काही बेने इस्रायलींनाही तो जवळचा वाटला.

आज या मताला अभ्यासकांत फारसा आधार उरलेला नाही. पुरीमची कथा इराणी साम्राज्याच्या काळातली आहे, आणि पुरीम बेने इस्रायलींमध्ये पाळला जात होता. अश्शूरच्या स्वारीनंतर लगेच मूळ समाजापासून तुटलेल्या लोकांकडे हा सण कसा आला, याचे उत्तर या मतात नाही. एलियाची भक्ती तर मध्यपूर्वेतल्या सगळ्याच ज्यूंमध्ये, आणि मुसलमानांतही, खोल रुजलेली आहे.

सणांचा पुरावा

सण हा या प्रश्नातला सर्वांत रंजक आणि सर्वांत निसरडा पुरावा. बेने इस्रायलींनी सणांची हिब्रू नावे विसरून त्यांना मराठी नावे दिली, पण तिथी आणि कृती जपली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे बंद करून, पांढरे कपडे घालून उपास करायचा, तो दारफाळणीचा सण. वल्हांडणाच्या काळात आंबवलेले काही घरात वापरायचे नाही, आंबटाचे भांडे झाकून ठेवायचे, म्हणून अनाशी ढाकण्याचा सण. पुरीम होळीच्या सुमाराला येतो, म्हणून तो होळीचा सण. मंदिराच्या विध्वंसाच्या दुखवट्याला वालाचे बिरडे खायचे, म्हणून बिरड्याचा सण. अलिबाग-पेणकडच्या कुणाही वाचकाला या नावांत आपलेच स्वयंपाकघर दिसेल.

काही दिवसांना मात्र रोजा, रमजान, ऊरूस अशी मुसलमानी वळणाची नावे होती. केहिमकरांनी यावरून दोन थर कल्पिले: मराठी नावांचे सण मूळचे, आणि फारसी-अरबी नावांचे उपास नंतर बाहेरच्या गुरूंनी शिकवलेले. हा विचार सूक्ष्म आहे. तरी नावावरून सणाचे वय ठरवणे धोक्याचे, कारण जुन्या आचाराला नवे नाव मिळू शकते आणि नव्या आचाराला शेजाऱ्यांकडून जुने नाव मिळू शकते. सणांवरून एवढे मात्र नक्की सांगता येते की कोकणी हिंदू शेजार आणि मुसलमानी शेजार हे दोन्ही या समाजाने दीर्घ काळ अनुभवले, आणि दोहोंच्या मधे राहूनही शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आठव्या दिवसाची सुंता आणि खवले-पर असलेलीच मासळी खाण्याचा नियम सोडला नाही.

कागदावरचा पुरावा

आता लेखी पुराव्याकडे वळू. बेने इस्रायलींचा नावानिशी, निःसंदिग्ध उल्लेख बराच उशिरा येतो. १७३८ मध्ये मद्रासच्या डॅनिश मिशनमधील सार्टोरियस यांनी एका पत्रात सुरत आणि राजापूरकडच्या, स्वतःला बेने इस्राएल म्हणवणाऱ्या लोकांविषयी लिहिले. त्यांच्याकडे बायबल नाही, त्यांना शेमा तेवढी येते, असे ते सांगतात. ३० वर्षांनी, १७६८ मध्ये, कोचीनचे ज्यू व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी हॉलंडमधील टोबायस बोआस यांना लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखात विखुरलेल्या बेने इस्राएलांचे वर्णन येते. ते तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात आणि शेमा म्हणतात. कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेलीही कोकणात होते, म्हणजे शेजाऱ्यांनी त्यांना गावगाड्यातल्या ओळखीच्या चौकटीत बसवून घेतले होते.

याआधीचा एक उल्लेख वादग्रस्त आहे. इ. स. १२०० च्या सुमारास इजिप्तमधील थोर ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदीस यांनी दक्षिण फ्रान्समधल्या धर्मपंडितांना लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की भारतातल्या ज्यूंना लेखी धर्मशास्त्र ठाऊक नाही, ते शब्बाथ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढेच पाळतात. हे वर्णन कोचीनच्या ज्यूंपेक्षा कोकणातल्यांना अधिक शोभते, म्हणून काही अभ्यासक ते बेने इस्रायलींना लावतात. इतरांचे म्हणणे असे की दूरच्या देशाविषयी ऐकीव माहितीवर लिहिलेले एक वाक्य कोणत्या समाजाविषयी आहे हे ठरवता येत नाही. दुसरी बाजू मला अधिक सावध वाटते. तरीही, बाराव्या शतकाच्या अखेरीस भारतात शास्त्र विसरलेला पण शब्बाथ न विसरलेला ज्यू समाज आहे ही वार्ता कैरोपर्यंत पोचली होती, हे साधे सत्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

चौलचे बंदर

नवगावहून दक्षिणेला काही कोसांवर चौल आहे. उगमाच्या चर्चेत या बंदराला जितके महत्त्व मिळायला हवे तितके मिळालेले नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात ते सिमुल्ला म्हणून येते, अरब लेखकांत सैमूर म्हणून. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथे केलेल्या उत्खननातून प्राचीन काळापासूनच्या सागरी व्यापाराच्या खुणा पुढे आल्या. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसुदीने सैमूरला भेट दिली तेव्हा तिथे सीराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे तो सांगतो. त्याच शतकातला अबू दुलफ तर सैमूरमध्ये मुसलमान, ख्रिस्ती आणि अग्निपूजकांबरोबर ज्यूही असल्याचे नोंदवतो. हे वर्णन आपल्यापर्यंत नंतरच्या ग्रंथकारांच्या उताऱ्यांतून पोचले आहे, ही मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे.

त्या काळचे उत्तर कोकण परक्या व्यापाऱ्यांना किती खुले होते याचा दाखला चिंचणीच्या ताम्रपटात मिळतो. ९२६ च्या या दानपत्रानुसार राष्ट्रकूटांनी संजाणचा कारभार मधुमती, म्हणजे मुहंमद, नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला कोल्लमच्या ८४९ च्या ताम्रपटावर हिब्रू लिपीत साक्षीदारांच्या सह्या आहेत. कैरोच्या गेनिझात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या कागदांच्या साठ्यात, अब्राहम बेन यिजू हा ज्यू व्यापारी भेटतो. तो ११३२ ते ११४९ या काळात मंगळूरला राहिला. तिथे आशू नावाच्या दासीला त्याने मुक्त केले आणि तिच्यापासून त्याला मुले झाली. बेन यिजू पुढे एडनला परतला, म्हणून तो बेने इस्रायलींचा पूर्वज नव्हे. पण बाहेरून आलेले पुरुष आणि इथल्या स्त्रिया यांच्यातून घरे कशी उभी राहत असतील हे त्याच्या कागदांतून प्रत्यक्ष दिसते.

या पुराव्यावर आधारलेले तिसरे मत असे: बेने इस्रायलींचे पूर्वज येमेन, इराणी आखात किंवा इराककडून, पहिल्या सहस्रकाच्या मध्यात किंवा उत्तरार्धात, व्यापाराच्या वाटेने आले. कुणी सहाव्या शतकातल्या येमेनमधील ज्यू राजवटीच्या पाडावाशी त्यांचा संबंध जोडतात, कुणी पुढच्या अरबी व्यापाराशी. या मताचे बळ म्हणजे मार्ग, बंदर आणि ज्यूंचा वावर या तिन्ही गोष्टींना लेखी आधार आहे. कमजोरी अशी की चौलचे ज्यू आणि खेड्यापाड्यांतले शनिवार तेली यांना जोडणारा एकही दुवा हाती नाही. बंदरातला व्यापारी शास्त्र जाणणारा, पत्रे लिहिणारा. तेली समाज शास्त्र विसरलेला. मधल्या काही शतकांत नेमके काय झाले?

दाविद राहाबी कोण?

या मधल्या काळात परंपरा एक माणूस उभा करते. दाविद राहाबी नावाचा ज्यू पाहुणा कोकणात आला. हे लोक खरोखर इस्राएली आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी वेगळी काढली, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, नेमले.

केहिमकर या राहाबीला सुमारे ९०० वर्षे मागे नेतात, काहीजण पंधराव्या शतकात आणतात. मैमोनिदीसचा भाऊ दाविद हिंदी महासागरात बुडून मेला, तोच हा असावा, असाही एक तर्क झाला. तो मला निव्वळ कल्पना वाटतो. कोचीनच्या राहाबी घराण्यात, १७६८ चे पत्र लिहिणाऱ्या एझेकिएल यांचा दाविद (१७२१–१७९१) नावाचा मुलगा होता. परंपरेतला राहाबी तोच, असे आज बरेच अभ्यासक मानतात. दोन वेगळ्या काळांतले गुरू लोकस्मृतीत एका नावाखाली मिसळले असावेत, असे तिसरे म्हणणे आहे, आणि काजी घराण्यांच्या जुन्या वंशावळी पाहता ते सहज टाकून देता येत नाही.

अठराव्या शतकानंतर मात्र धूसरपणा संपतो. मुंबईत सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. मराठी वळणाने त्यांचेच नाव सामाजी हस्साजी. १८२६ पासून कोचीनचे शिक्षक मुंबईत आले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या हग्गादाची मराठी आवृत्ती निघाली. अलिबागचे सिनेगॉग १८४८ चे, ठाण्याचे १८७९ चे. म्हणजे आज दिसणारे बेने इस्रायली धर्माचरण बऱ्याच अंशी या शंभर वर्षांत घडले.

चौदा जणांची कथा

कथेच्या रूपाविषयीही चर्चा झाली आहे. सह्याद्रिखंडात परशुरामाने समुद्रातून वाहून आलेली चौदा प्रेते जिवंत करून चित्पावनांची उत्पत्ती केल्याची कथा आहे. पारशांच्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्येही समुद्रप्रवास, वादळ आणि किनाऱ्यावरचे आगमन आहे. हे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. काहींनी त्यावरून चित्पावन आणि बेने इस्रायली एकाच मुळाचे असल्याचा तर्क लढवला. त्याला दुसरा काहीही आधार नाही.

साम्याचा अर्थ अधिक साधा असावा. पश्चिम किनाऱ्यावर ‘आम्ही कोण’ हे सांगण्याची ही एक प्रचलित पद्धत होती. पण पद्धत ठरावीक असली म्हणजे घटना खोटी ठरत नाही. थळ-नवगावपुढचा खडकाळ समुद्र गलबतांना घातक होता हे तिथले कोळीही सांगतील. शलवा वेल यांच्यासारख्या अभ्यासक कथेकडे समाजाने स्वतःविषयी घडवलेले कथन म्हणून पाहतात. शर्ली आयझेनबर्ग यांनी १९८८ च्या आपल्या विस्तृत ग्रंथात सगळी मते शेजारी शेजारी मांडली. समाजातलेच बेंजामिन जे. इस्राएल यांनी केहिमकरांच्या निष्कर्षांची परखड छाननी केली. घरातल्या माणसाने घरातल्या परंपरेला इतक्या प्रामाणिकपणे प्रश्न विचारावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जनुकांची साक्ष

२००२ च्या सुमारास ट्यूडर पारफिट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाच्या बातम्या आल्या. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरील, ज्यू पुरोहित घराण्यांशी जोडली जाणारी खूण बेने इस्रायलींतही आढळली होती. वृत्तपत्रांनी परंपरा सिद्ध झाल्याचे जाहीर केले. ती घाई होती. ती खूण मध्यपूर्वेतल्या ज्यू नसलेल्या लोकांतही मिळते, आणि बेने इस्रायलींमध्ये कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यांची परंपराच नाही.

डोरोन बेहार आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात आईकडून येणारे वंशसूत्र थोड्याच मूळ स्त्रियांपर्यंत, आणि मुख्यतः भारतीय, असल्याचे दिसले. २०१६ मध्ये दोन महत्त्वाचे अभ्यास निघाले. येदाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी १८ बेने इस्रायली व्यक्तींचा संपूर्ण जनुकीय आराखडा ४१ इतर समाजांतील ४८६ व्यक्तींशी ताडून पाहिला. समाजात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसे ठळक आहेत, पित्याकडून ज्यू अधिक, मातेकडून भारतीय अधिक, आणि हे मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे, म्हणजे साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दुसरा अभ्यास ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांचा. भारतातल्या ज्यू समाजांचा मुख्य वारसा दक्षिण आशियाई आहे आणि मध्यपूर्वेचा अंश लहान पण ओळखता येण्याजोगा आहे, असे त्यात दाखवले आहे. दोन्ही अभ्यासांत जोर वेगळ्या बाजूवर आहे, पण मिश्र वारशाबद्दल एकमत आहे.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ६५० ते १०५० वर्षे हा मिश्रणाचा काळ आहे. आगमन त्याच वेळी झाले असेल किंवा त्याच्या कितीतरी आधी. पूर्वज आधी शतकानुशतके आपसांतच लग्ने करीत राहिले आणि नंतर मिसळले, हेही शक्य आहे. मिश्रण अनेक टप्प्यांत झाले असेल तर गणितात बहुधा अलीकडचा टप्पा अधिक उठून दिसतो. गालील, येमेन आणि इराक यांतून एक निवडण्याइतकी ही साधने अजून बारीक झालेली नाहीत. नमुनाही १८ जणांचाच. पण सात जोडपी आली आणि त्यांनी बाहेर कुणाशीच सोयरीक केली नाही, ही समजूत यापुढे टिकत नाही. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायली असा जो भेद समाजात पूर्वी पाळला जाई, त्यात स्थानिक स्त्रियांची संतती ‘काळे’ आणि शुद्ध सात जोडप्यांची ‘गोरे’ असे मानत. त्या भेदाचा ऐतिहासिक आधारही यामुळे ढासळतो.

हा वाद पुस्तकापुरता का राहिला नाही

उगमाच्या प्रश्नाने माणसांना जखमाही केल्या आहेत. १८३६ मध्ये मुंबईतल्या बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंनी बेने इस्रायलींबरोबरच्या सामाईक दफनभूमीत मधे भिंत घालण्याची मागणी केली. समाजातल्या पुष्कळांनी इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी कित्येक पिढ्यांची वंशचौकशी करण्याचा नियम काढला. काडीमोड आणि विधवाविवाह यांविषयीचे शास्त्रीय नियम पूर्वी पाळले गेले होते का, ही धर्मपीठाची शंका होती. समाजाने यरुशलेममध्ये निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला आणि नियम बदलावा लागला. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ मध्ये. हे निर्णय हक्कांचे आहेत. इ. स. पू. १७५ खरे ठरो वा न ठरो, त्यांत काही फरक पडत नाही, आणि तसेच असायला हवे.

काय ठरले, काय उरले

माझ्या मते या चर्चेत सर्वांत जास्त गोंधळ तीन प्रश्न एक केल्याने झाला आहे. पहिले ज्यू पूर्वज कोकणात केव्हा उतरले, त्यांच्यातून आणि इथल्या माणसांतून एक वेगळा समाज केव्हा घडला, आणि त्या समाजाला आजचे शास्त्रोक्त धर्माचरण केव्हा मिळाले, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. तिसऱ्याचे उत्तर पक्के आहे: अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसावे शतक. दुसऱ्याचे उत्तर संभाव्य आहे: दहावे ते चौदावे शतक या दरम्यान समाजाची घडण चालू असावी. चौलचा व्यापार, मैमोनिदीसचे पत्र आणि जनुकांचा हिशेब हे एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन पुरावे त्या काळाकडे बोट दाखवतात. पहिला प्रश्न उघडा आहे. गालीलचे मत आणि आखात-येमेनचे मत यांपैकी मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, पण निर्णायक पुरावा कोणाकडेच नाही. नवगावहून कालनिश्चिती करता येईल असा कोरीव लेख अजून पुढे आलेला नाही.

पुढचे काम कुठे आहे हे मात्र दिसते. कुलाब्याच्या आंग्र्यांची आणि जंजिऱ्याच्या सिद्दीची सत्ता ज्या गावांवर होती तिथेच हा समाज वसला होता. घाण्यांवरचा कर, शिपायांचे पगार, इनामे, गावांची भांडणे यांच्या मोडी कागदांत शनिवार तेल्यांच्या नोंदी असू शकतात, आणि त्या १७३८ च्या मागेही जाऊ शकतात. इंग्रजीत लिहिणाऱ्या बहुतेक अभ्यासकांना मोडी येत नाही. मोडी येणाऱ्यांनी हा विषय क्वचितच हाती घेतला आहे. हे काम मराठी अभ्यासकांचे आहे. रायगड जिल्ह्यात ज्या घरांत जुने मोडी रुमाल पडून आहेत, त्यांनी ते वाळवीच्या हवाली करण्याआधी पुण्याच्या पुराभिलेखागाराला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवावेत, एवढी विनंती आहे.